ज्या गाण्याचे पैसे मागायचे नसतात



दादर परिसरातील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या पंधरवड्यात हाती आले. वय ७१. गुडघ्यांमुळे फिरणे कमी झाले आहे. परंतु भजनी मंडळात अनेक वर्षे गायल्यामुळे आवाज अजून शाबूत आहे, असे त्या लिहितात. त्यांच्या सज्जातून उड्डाणपुलाखालचा पदपथ दिसतो. तेथे दोन-तीन कुटुंबे राहतात. दिवसा पाच-सहा मुले दुभाजकावर खेळतात आणि रात्री उशिरा एक तान्हे मूल फार वेळ रडते. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, "हल्ली संगीतोपचाराविषयी पुष्कळ वाचनात येते. मी खाली जाऊन या मुलांना चार भजने ऐकवली, तर त्यांना काही उपयोग होईल का? की हे माझेच समाधान?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यातले शेवटचे वाक्य तर मला फारच आवडले. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, म्हणून हा संपूर्ण लेखच त्यासाठी ठेवला आहे.

आपल्यापैकी ज्यांनी मुंबईच्या लोकलगाडीने प्रवास केला आहे, त्यांनी हे दृश्य पाहिलेले असते. सात-आठ वर्षांचे मूल डब्यात शिरते. त्याच्या बोटांमध्ये फरशीचे किंवा कौलाचे दोन चपटे तुकडे असतात. ते चिपळ्यांसारखे वाजवीत ते एखादे जुने सिनेगीत खड्या आवाजात म्हणते आणि दोन स्थानकांच्या अंतरात गाणे आटोपून हात पुढे करते. लय बहुधा पक्की असते. सुरालाही नावे ठेवावीत अशी स्थिती नसते. आपण कधी नाणे देतो, कधी खिडकीबाहेर पाहतो. या मुलाच्या आयुष्यात संगीत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट पाहिले तर तुमच्या-माझ्या नातवंडांहून ते अधिक गाते. दिवसाकाठी चाळीस वेळा तेच गाणे गाते. फक्त ते गाणे त्याचे काम आहे.

ही गोष्ट मला उशिरा कळली, आणि कळली ती माझ्या चुकीतून.

एका मोठ्या स्थानकाजवळ पदपथावरील मुलांसाठी एक दिवसकेंद्र चालते. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तेथे दर गुरुवारी जाऊ लागले. प्रशिक्षित संगीतोपचारतज्ज्ञ असलेली एक तरुण मुलगी तेथे सत्र घेत असे आणि मी तिची मदतनीस. मदतनीस म्हणजे ढोलक्या, खंजिऱ्या मांडणे, लहानग्यांची नाके पुसणे आणि गोल बसवणे. दुसऱ्याच आठवड्यात साधारण नऊ वर्षांची एक मुलगी आली. केसांना तेल नाही, डाव्या कानामागे जुनी जखम, डोळे मात्र विलक्षण चलाख. तिला मोकळे वाटावे या सद्हेतूने मी म्हणाले, "तुला गाणे येते ना? मग म्हणून दाखव की."

तिने तत्काळ म्हटले. संपूर्ण गाणे, हातवाऱ्यांसह, चेहऱ्यावर ठरीव हसू ठेवून. आम्ही टाळ्या वाजवल्या. शेवटची ओळ संपता संपता तिचा उजवा हात तळवा वर करून माझ्यापुढे आला. कोणी मागितले नव्हते आणि तिने मागायचे ठरवलेही नसावे. हात आपोआप आला. एका स्वयंसेवकाने हसत हसत त्या तळव्यावर बिस्किटांचा पुडा ठेवला. मुलीने तो परकराच्या ओच्यात खोवला आणि ती उठून दाराशी जाऊन बसली. तिच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झाला होता.

संगीतोपचारतज्ज्ञ मुलगी त्या वेळी काही बोलली नाही. सर्व मुले गेल्यावर सतरंजी घडी करताना ती मला म्हणाली, "आजी, आपण आज तिला कामाला लावले." पस्तीस वर्षे रुग्णसेवा केलेल्या मला एका पंचविशीतल्या मुलीने शिकवलेला हा धडा मी विसरलेले नाही.

या मुलांच्या शरीराचे आणि मनाचे काय होत असते, ते आधी समजून घेऊ. जनगणनेच्या व्याख्येनुसार जे कुटुंब रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या नळात, जिन्याखाली, पुलाखाली, देवळाच्या मंडपात वा फलाटावर उघड्यावर राहते ते बेघर. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत त्यांची मोजणी झाली. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार माणसे मोजली गेली. एका रात्रीत, अंधारात, हलत्या माणसांची मोजणी कितपत पूर्ण होणार, हे आपणच ठरवावे.

आकडा बाजूला ठेवून एका मुलाची रात्र डोळ्यांपुढे आणा. डोक्यावरून अवजड वाहने जातात. दिवा विझत नाही. कोण कधी अंगावरून ओलांडून जाईल, कोण पांघरूण ओढील, पालिकेची गाडी कधी येऊन भांडीकुंडी उचलून नेईल, याची शाश्वती नाही. लावून घ्यायला दार नाही. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाचे शरीर सदैव पहाऱ्यावर असते. संकटसमयी शरीरात जी संप्रेरके पाझरतात, ती संकट टळल्यावर ओसरावीत अशी निसर्गाची योजना आहे. येथे संकट टळतच नाही. झोप तुटक होते, लक्ष टिकत नाही, बारीकशा धक्क्याने मूल एकतर अंगावर धावून येते किंवा दगडासारखे गप्प होते. शाळेत अशा मुलाला उनाड किंवा मठ्ठ म्हटले जाते. त्याला शिकवण्यापूर्वी त्याच्या शरीराला क्षणभर पहारा सोडू देणे आवश्यक असते, आणि हे काम शब्दांनी सहसा होत नाही. "घाबरू नकोस" असे त्याला आजवर ज्यांनी सांगितले, त्यांतले काही जण विश्वासाचे नव्हते.

येथे संगीताचा प्रवेश होतो. तथापि संगीतोपचार म्हणजे काय, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग मधुमेहावर, अशा याद्या आपल्यापैकी अनेकांच्या भ्रमणध्वनीवर येऊन पडल्या असतील. रागांच्या नावांपुढे रोगांची नावे लिहिणाऱ्या त्या याद्यांना वैद्यकीय आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. राग ऐकावेत ते आनंदासाठी. औषधाच्या गोळ्या त्यांच्या भरवशावर बंद करू नयेत.

शास्त्र म्हणून संगीतोपचाराची वाढ दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतून झाली. अमेरिकेतील मिशिगन येथे १९४४ मध्ये या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. मुलांच्या बाबतीत पॉल नॉर्डॉफ हा संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा विशेष मुलांचा शिक्षक यांनी १९५९ पासून इंग्लंडमध्ये एकत्र केलेले काम मूलभूत मानले जाते. त्यांची रीत ऐकायला साधी वाटते. मुलाला गाणे शिकवायचे नाही. मूल जो आवाज करील, मग ते रडणे असो, आपटणे असो वा ओरडणे असो, तोच आवाज संगीतात उचलून त्याला परत द्यायचा. मुलाने टेबलावर मूठ आपटली की पियानोवर त्याच वजनाचा स्वर उमटतो. मूल चमकते, पुन्हा आपटते, पुन्हा उत्तर येते. आपल्या आवाजाला जगाने उत्तर दिले, हा अनुभव काही मुलांना त्या क्षणी पहिल्यांदाच येत असतो.

आमच्या केंद्रात पियानो नव्हता. एक ढोलकी, दोन खंजिऱ्या, घुंगरांची माळ, झांजांचा जोड आणि तांदूळ भरून तोंड बंद केलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, एवढाच सरंजाम. सत्र चाळीस मिनिटांचे. सुरुवातीला नेहमी एकच स्वागतगीत आणि त्यात प्रत्येकाचे नाव गुंफलेले. पहिल्या दिवशी मला ही नावांची आवर्तने बालिश वाटली होती. नंतर लक्षात आले की या मुलांचे नाव दिवसभरात घेतले जाते ते बहुधा दटावण्यासाठी, हाकलण्यासाठी. पुष्कळांना तर नावच नसते. "ए छोटू" एवढेच असते. सुरात आपले नाव ऐकल्यावर एक मुलगा दर वेळी मान खाली घाली. चौथ्या की पाचव्या गुरुवारी त्याने मान वर ठेवली. आमच्या नोंदवहीत त्या दिवशी एवढीच नोंद आहे, आणि ती पुरेशी होती.

मग वाद्ये. कोणते घ्यायचे ते मूल ठरवते. काहीच न घेण्याची मुभाही त्याला असते. जे दिवसभर दुसऱ्यांच्या मर्जीवर जगते, त्याला "हे नको" म्हणता येणे हाही उपचाराचाच भाग आहे. सुरुवातीला कल्लोळ होतो. आपल्यासारख्यांचा हात अशा वेळी कानांवर जातो आणि तोंडून "हळू, हळू" असे शब्द येतात. तज्ज्ञ मुलगी मात्र त्यांच्याइतक्याच जोराने ढोलकी वाजवू लागे. एक-दोन मिनिटे तो दणदणाट चाले. मग तिचा ठेका जरासा, कळेल न कळेल इतका, संथ होई. मुले नकळत तिच्यामागून येत. आणखी संथ, आणखी हलका, शेवटी बोटांच्या टोकांचा आवाज तेवढा उरे. इरा आल्टशुलर या मनोविकारतज्ज्ञाने १९४० च्या दशकात हे तत्त्व मांडले: प्रथम रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणारे संगीत द्या, नंतर त्याला हळूहळू हव्या त्या स्थितीकडे न्या. खवळलेल्या मनाला एकदम शांत सूर ऐकवले तर ते अधिकच खवळते. घरी विस्मरणाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना हे चटकन पटेल. संध्याकाळी येरझारा घालणाऱ्या रुग्णाला "शांत बसा" म्हणण्यापेक्षा त्याच्याबरोबर त्याच्याच चालीने चार फेऱ्या घालाव्यात आणि मग आपली चाल कमी करावी. पुष्कळदा तीही कमी होते.

एकत्र ठेका धरण्यात आणखी एक गुण आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१४ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. चौदा महिन्यांच्या बाळांना कडेवर घेऊन संगीताच्या तालावर हलवले गेले. समोर उभी असलेली अनोळखी बाई काही बाळांच्या लयीत हलत होती, काहींच्या लयीबाहेर. नंतर त्या बाईच्या हातून वस्तू 'चुकून' खाली पडली, तेव्हा लयीत हललेल्या बाळांनी ती उचलून देण्याचा प्रयत्न अधिक वेळा केला. वारीत टाळ वाजवीत चालणाऱ्या, भोंडल्यात फेर धरणाऱ्या आपल्या समाजाला हे नवीन नाही. परंतु बोलता न येणाऱ्या जिवातही ही जवळीक उपजते, हे पाहून मला नवल वाटले. माणसांवरचा विश्वास उडालेल्या मुलांच्या बाबतीत हा दुवा फार मोलाचा ठरतो, कारण येथे आधी विश्वास ठेवून मग जवळ यावे लागत नाही. ठेका धरला की अंतर आपसूक कमी होते.

गाण्याने श्वासही लांबतो. एक ओळ एका दमात म्हणायची तर उच्छ्वास लांबवावा लागतो आणि लांब उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती मंदावते. प्राणायामाचे वर्ग घेऊन जे साधायचे ते मुलांकडून "ऊ" असा आगगाडीच्या भोंग्याचा आवाज काढून घेऊन साधते. आमच्या केंद्रातल्या मुलांचा हा सर्वांत आवडता खेळ. आगगाडी त्यांच्या अंगणातलीच.

आता कोणती गाणी, हा प्रश्न. पत्रलेखिका भगिनींनी भजनांचा उल्लेख केला आहे. भजनात वाईट काही नाही. परंतु पुलाखालची मुले वेगवेगळ्या धर्मांची, प्रांतांची असतात. आपले गाणे त्यांच्या गळी उतरवण्यापूर्वी त्यांचे गाणे विचारावे. त्यांच्याजवळ ते असते, हे आपण विसरतो. महाराष्ट्रातील शहरांच्या पदपथांवर भटक्या-विमुक्त समाजांतील पुष्कळ कुटुंबे आहेत. १८७१ च्या कायद्याने ज्यांतील अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या पारध्यांसारख्या समाजांवरचा शिक्का कायद्याने १९५२ मध्ये पुसला. लोकांच्या मनांतून अद्याप पुसला गेला नाही. या समाजांपैकी कितीतरींचे जगणेच संगीतावर होते. गोंधळ्यांचे संबळ, नंदीबैलवाल्यांचे गुबुगुबू वाजणारे वाद्य, डोंबाऱ्याची ढोलकी, पोतराजाचा चाबूक आणि त्याच्या बायकोचे डफासारखे वाद्य. गावाने बोलावणे थांबवले, पोट शहरात घेऊन आले, वाद्ये विकली गेली. कान मात्र राहिले. आमच्याकडे एक सहा वर्षांचा मुलगा संबळाचा ठेका प्लास्टिकच्या डब्यावर असा काही वाजवी की तज्ज्ञ मुलगी स्वतःची ढोलकी थांबवून ऐकत राही. हे त्याला कोणी शिकवले असे विचारल्यावर तो म्हणाला, "शिकवलं नाय. आज्याच्या मांडीवर बसायचो."

मांडीवरून मिळालेल्या या ठेव्याचे महत्त्व अगदी तान्ह्या बाळांपर्यंत पोहोचते. अमेरिकेत २०१३ मध्ये ११ रुग्णालयांतील २७२ अकाली जन्मलेल्या बाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आई-वडिलांनी निवडलेले, त्यांच्या घरचे असे गाणे अंगाईच्या चालीत संथपणे, प्रत्यक्ष आवाजात ऐकवले गेले. त्याचे अनुकूल परिणाम बाळांच्या हृदयगतीत, दूध ओढण्यात आणि झोपेत दिसून आले; पालकांची घालमेलही कमी झाली. निवडलेले गाणे थोर असण्याची गरज नव्हती. ते घरचे होते, एवढे पुरले.

म्हणून पुलाखाली रात्री रडणाऱ्या त्या बाळासाठी माझी पहिली सूचना अशी की, आपण त्याला अंगाई म्हणू नये. त्याच्या आजीला विचारावे. पदपथावरच्या कुटुंबात आजी असतेच. बहुधा भांड्यांची राखण करीत बसलेली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे आपणांस ठाऊक असेल. ज्या बायकांनी त्या म्हटल्या, त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच मुलखातल्या कितीतरी जणी आज शहरात रस्त्याकडेला बसून आहेत. जाते गेले, ओवी पदराला बांधलेली आहे. "तुमच्याकडे बाळाला निजवताना काय म्हणतात?" असे एका म्हातारीने दुसऱ्या म्हातारीला विचारणे, यासारखी ओळख करून घेण्याची दुसरी रीत मला माहीत नाही. आपण गायिका म्हणून गेलात तर ती श्रोती होईल. आपण श्रोत्या म्हणून गेलात तर ती पुन्हा आजी होईल.

आता थोडे सावधपणे. संगीताचे कौतुक करताना ते घराची जागा घेऊ शकत नाही, हे मी स्वतःला वरचेवर बजावत असते. व्हेनेझुएलामध्ये होसे अँतोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये गरीब मुलांसाठी वाद्यवृंदांची एक प्रचंड चळवळ उभी केली. तिचे जगभर गोडवे गायले गेले. पुढे सुमारे २,९०० मुलांवर तिची शास्त्रशुद्ध पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. वर्षभरात मुलांच्या आत्मसंयमात थोडी सुधारणा आढळली आणि हिंसाचार पाहिलेल्या मुलग्यांच्या वर्तनात फरक अधिक दिसला. परंतु त्याच पाहणीत हेही दिसले की वर्गांपर्यंत पोहोचलेल्या मुलांत अगदी गरीब घरांतली मुले अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. ज्याला पत्ता नाही ते मूल नावनोंदणीच्या रांगेत येत नाही. त्याच्यापर्यंत ढोलकी घेऊन आपल्यालाच जावे लागते, आणि ढोलकीबरोबर शाळेचा दाखला, लसीकरण, निवाऱ्याची जागा यांसाठी धडपडणारे कार्यकर्तेही असावे लागतात.

म्हणून एकट्याने जाऊ नका. आपल्या भागात पदपथावरील मुलांसाठी काम करणारी संस्था शोधा. ती आपली चौकशी करील, ओळखपत्र मागेल, पोलिस पडताळणीही करायला सांगेल. पांढऱ्या केसांचा मान राखला गेला नाही म्हणून रागावू नका. अनोळखी माणसाला मुलांत सहज मिसळू न देणारी संस्था हीच चांगली संस्था.

जायचे तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, निदान सहा महिने जाईन असा शब्द स्वतःला द्यावा. एका गुरुवारी मी नातीच्या बारशाच्या गडबडीत निरोप न देता राहिले. पुढच्या आठवड्यात एक मुलगा माझ्याकडे पाठ करून बसला आणि सत्र संपेपर्यंत वळला नाही. माणसे न सांगता नाहीशी होतात, हे तो आधीच शिकलेला होता. त्या धड्याची उजळणी मी करून दिली. तेव्हापासून जायचे नसेल तर आदल्या आठवड्यात मुलांना तसे सांगते आणि ते बोटे मोजून ठेवतात.

खाऊ द्यायचा असल्यास गाण्याच्या आधी द्या, सर्वांना सारखा द्या. गाण्यानंतर दिलेला लाडू ही मजुरी होते. मुलाला मांडीवर ओढून घेऊ नका. त्याला यायचे असेल तर ते येईल. त्याच्या उंचीला खाली बसून गावे. गुडघे दुखत असतील तर लहान मुढा घेऊन जावा. भूतकाळ विचारू नये. एखादे मूल कानांवर हात ठेवील, थरथरेल, एकाएकी गोठून जाईल किंवा रडू लागेल. अशा वेळी गाणे थांबवून शेजारी शांत बसावे आणि नंतर कार्यकर्त्यांना सांगावे. आपण उलगडा करायला जाऊ नये, ते प्रशिक्षितांचे काम आहे. छायाचित्रे काढू नयेत, कुटुंबाच्या गटात पाठवण्यासाठीही नाहीत. आणि एखादे मूल एकटे, जखमी किंवा संकटात दिसले तर १०९८ हा दूरध्वनी क्रमांक लक्षात असू द्या. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली.

एका गोष्टीचा मला मनापासून संताप येतो, ती सांगून टाकते. बालदिन जवळ आला की कोणीतरी देणगीदार येतात आणि मुलांचा मंचावर कार्यक्रम व्हावा असे सुचवतात. एके वर्षी तसे झालेही. मुलांना एकसारखे सदरे दिले, मागे फलक लावला, दोन महिने सत्रे बंद ठेवून गाणी घोटून घेतली. टाळ्या पुष्कळ पडल्या. मी बाजूला उभी राहून पाहत होते. गाणे संपल्यावर रांगेतल्या चार-पाच मुलांचे हात पुढे आले होते. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना ती अभिवादनाची रीत वाटली असावी.

त्या नऊ वर्षांच्या मुलीविषयी आपणांस उत्सुकता असेल. तिला नंतर कोणी कधी गायला सांगितले नाही. पुष्कळ आठवडे ती दाराशी बसून असे. मग घुंगरांची माळ घेऊन आत बसू लागली. एकदा तिने तज्ज्ञ मुलीला विचारले, "ताई, हितं गाणं म्हटलं तर हात पुढं करायचा नाय का?" ताई म्हणाली, "नाही. इथे फुकट." ती हसली आणि म्हणाली, "मग लै नुकसान." तरी पुढच्या गुरुवारी आली. सत्राच्या अखेरीस आम्ही जी चाल शब्दांवाचून गुणगुणतो, त्यात तिचा आवाज मला पहिल्यांदा पावसाळ्यात ऐकू आला. तो लोकलगाडीतल्या आवाजापेक्षा बराच खाली होता, थोडा घोगरा.

गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमारास मी स्थानकाकडे चालले होते. रेलिंगला बांधलेल्या साडीच्या झोळीत तिचा भाऊ होता. ती शेजारी बसून झोका देत आमची ती शेवटची चाल गुणगुणत होती. आम्ही म्हणतो त्याहून पुष्कळ संथ. माझ्याकडे तिचे लक्ष नव्हते. जाणाऱ्या एका गृहस्थाने तिच्यापुढे नाणे टाकले. तिने डाव्या हाताने ते उचलून परकरात खोवले. उजव्या हाताचा झोका चालू होता आणि गुणगुणणेही.